कैदेतल्या सरकारचा दूत : एल. एन. पालार



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘राजदूत’ हा शब्द आपण वाचतो. एका देशाने दुसऱ्या देशात नेमलेला प्रतिनिधी, असे उत्तर लिहिले की गुण मिळतात. पण हा माणूस दिवसभर नेमके काय करतो? त्याच्याजवळ शस्त्र नसते, हुकूम देण्याचा अधिकार नसतो. असतो तो फक्त शब्द. मग नुसत्या शब्दांनी एखाद्या देशाचे भले होऊ शकते का?

आपल्याकडे याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे कृष्णशिष्टाई. पांडवांसाठी निदान पाच गावे मागायला श्रीकृष्ण हस्तिनापुरात गेला. दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन नाकारली आणि उलट दूतालाच बांधून ठेवायचा घाट घातला. शिष्टाई फसली. पण पांडवांनी युद्ध टाळण्याचा मनापासून प्रयत्न केला, हे त्या शिष्टाईमुळेच जगाला कळले. ही कथा समुद्रापलीकडे इंडोनेशियातही लोकांना पाठ आहे. कोकणातल्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो, तसाच जावा बेटावर ‘वायांग’ नावाचा खेळ रात्रभर चालतो, आणि त्यातल्या एका आख्यानाचे नावच ‘क्रेस्ना दुता’ आहे. इंडोनेशियाच्या भाषेत राजदूताला आजही ‘दुता बेसार’ म्हणतात. दुता म्हणजे आपला दूत आणि बेसार म्हणजे मोठा.

या अंकात आपण अशाच एका मोठ्या दूताची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव लाम्बेर्तुस निकोदेमुस पालार. इंडोनेशियात त्यांना प्रेमाने ‘बाबे पालार’ म्हणत. आपल्या देशातही ते राजदूत म्हणून राहून गेले. तरी आपल्यापैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल.

डोंगरातल्या गावचा मुलगा

नकाशात इंडोनेशिया काढा. बोर्निओच्या पूर्वेला, हातपाय पसरल्यासारख्या आकाराचे सुलावेसी बेट दिसेल. त्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला मिनाहासा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या तोमोहोनजवळच्या रुरुकान या गावी ५ जून १९०० रोजी पालार यांचा जन्म झाला. त्या वेळी इंडोनेशिया नावाचा देश नव्हता. हजारो बेटांचा तो सगळा मुलूख नेदरलँड्सच्या, म्हणजे डचांच्या ताब्यात होता आणि त्याला डच ईस्ट इंडीज म्हणत.

मिनाहासातले बहुतेक लोक ख्रिस्ती, तर बाकीच्या बेटांवर बहुसंख्य मुसलमान. त्या भागातल्या शिकणाऱ्या मुलांची भाषाही तीन ठिकाणी वाटलेली असे. घरात मिनाहासाची बोली, बाजारात मलय आणि वरच्या वर्गांत डच. आपल्या शाळेतल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा घेऊनच आपणही मोठे होतो. पालार यांच्या बाबतीत हीच गोष्ट पुढे त्यांच्या कामाला आली.

तोंदानो गावी शिकून ते पुढच्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडून जावातल्या योग्यकार्ता शहरात गेले. तिथे ते साम रातुलांगी यांच्या घरी राहिले. रातुलांगी मिनाहासाचेच. युरोपात जाऊन त्यांनी गणिताची डॉक्टरेट मिळवली होती आणि मनाने ते कट्टर स्वातंत्र्यवादी होते. सुलावेसीचे पहिले गव्हर्नर म्हणून पुढे त्यांचे नाव झाले.

१९२२ मध्ये पालार यांनी बांडुंग शहरातल्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथेच सुकार्नो नावाचा एक तरुण शिकत होता. हाच तरुण पुढे इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पालार यांना मात्र मोठ्या आजारपणाने गाठले. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना गावी परतावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण वाट बदलली. या वेळी ते बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, कायदा शिकायला गेले. तिथून १९२८ मध्ये त्यांनी थेट राज्यकर्त्यांच्या देशाची वाट धरली आणि अॅम्स्टरडॅम विद्यापीठात नाव घातले.

राज्यकर्त्यांच्या घरात

गुलाम देशातून राज्यकर्त्यांच्या देशात शिकायला गेलेल्या तरुणांच्या गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. तिथे गेल्यावर सगळेच डच लोक सारखे नाहीत, हे पालार यांच्या लक्षात आले. डच समाजवादी पक्षाने वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य करणारा ठराव केला, तेव्हा १९३० मध्ये पालार त्या पक्षाचे सभासद झाले. पक्षाच्या वसाहतविषयक कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ‘पेर्सिंदो’ नावाची एक वृत्तसंस्था ते चालवीत आणि तिच्यातर्फे नेदरलँड्समधले लेख मायदेशातल्या वर्तमानपत्रांना पाठवीत. त्यांनी लग्नही एका डच स्त्रीशी केले. १९३८ मध्ये ते कुटुंबासह मायदेशी आले, बेटाबेटांवर फिरले आणि स्वातंत्र्याची चळवळ दडपली गेली असली तरी विझलेली नाही, हे डोळ्यांनी पाहून गेले.

१९४० च्या मे महिन्यात हिटलरच्या जर्मनीने नेदरलँड्सच गिळंकृत केला. आता काय प्रसंग आला पाहा. पालार यांचा देश डचांच्या ताब्यात आणि डचांचा देश जर्मनांच्या ताब्यात! पक्षाचे काम बंद पडले. पोटासाठी पालार एका प्रयोगशाळेत नोकरी करू लागले. ते गिटार उत्तम वाजवीत. इंडोनेशियात ‘क्रोंचोंग’ नावाचे एक गोड, संथ संगीत आहे. पोर्तुगीज खलाशांनी आणलेल्या तंतुवाद्यांतून ते तिथे रुजले. पालार क्रोंचोंगच्या वाद्यवृंदात गात, वाजवीत आणि लोकांना गिटार शिकवीत. आणि हे सगळे चालू असताना ते व त्यांच्या पत्नी जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत काम करीत होते.

ज्यांनी आपला देश ताब्यात ठेवला, त्यांच्याच स्वातंत्र्यासाठी या माणसाने जिवाचा धोका पत्करला. परक्याच्या टाचेखाली राहणे म्हणजे काय, हे डच जनतेला त्या पाच वर्षांत पुरते कळले. मग हाच न्याय ते आपल्यालाही लावतील, अशी अपेक्षा इंडोनेशियाच्या माणसाने केली, तर त्यात चूक काय?

खुर्ची सोडली

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता यांनी जकार्तात इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पालार डच संसदेत खासदार झाले. म्हणजे तिकडे मायदेशाने आपण स्वतंत्र झालो असे सांगितले आणि इकडे ते स्वातंत्र्य नाकारणाऱ्या देशाच्या संसदेत ते जाऊन बसले. त्यांनी तिथे एकच गोष्ट लावून धरली. इंडोनेशियाच्या नेत्यांशी बोला, लढू नका.

काही काळ त्याला यश येईल असे वाटले. २५ मार्च १९४७ रोजी लिंगजाती करारावर सह्या झाल्या. जावा, सुमात्रा आणि मादुरा या बेटांवर इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष अंमल आहे, हे डचांनी त्यात मान्य केले. पण चारच महिन्यांत, जुलै १९४७ मध्ये, डच फौजांनी त्याच प्रजासत्ताकावर हल्ला चढवला. त्याला नाव दिले ‘पोलीस कारवाई’. पोलीस तर आपल्याच घरात कारवाई करतात. त्या एका नावातच हा परका देश नाही, आमचेच घर आहे, असा दावा दडलेला होता. आणि या कारवाईला पालार यांचा स्वतःचा पक्षही सामील होता.

पालार यांनी संसदेचा राजीनामा दिला. पक्षाचाही दिला.

हा निर्णय लिहायला एक ओळ लागते. पण वीस वर्षे ज्या देशात काढली, जिथे लग्न केले, संसार मांडला, मित्र जोडले, मानाची जागा मिळवली, ते सगळे त्या एका कागदाने मागे पडले. शिवाय हातात काय होते? ज्याला बहुतेक जग देश मानत नव्हते, त्या देशाची बाजू. त्याच वर्षी पालार त्या प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाले.

कारखान्यातली राष्ट्रपरिषद

न्यूयॉर्कच्या नदीकाठची संयुक्त राष्ट्रसंघाची उंच इमारत आपण चित्रात पाहतो. ती तेव्हा झाली नव्हती. शहराबाहेर लेक सक्सेस या गावी, युद्धकाळात उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या जागेत राष्ट्रसंघाचे काम चाले.

इंडोनेशियाचा प्रश्न तिथे नेण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. ३० जुलै १९४७ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोघांनी हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे मांडला आणि १ ऑगस्टला परिषदेने युद्ध थांबवण्यास सांगितले. भारत स्वतः अजून पंधरा दिवसांनी स्वतंत्र होणार होता! त्याच सुमारास डचांची नाकेबंदी चुकवून बिजू पटनाईक यांनी जावात विमान उतरवले आणि सुतान शाहरीर यांना बाहेर काढले. हेच बिजूबाबू पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. शाहरीर यांनी १४ ऑगस्टला सुरक्षा परिषदेपुढे आपल्या देशाची कैफियत मांडली. ते परत गेले. पुढची सारी लढाई पालार आणि त्यांच्या हाताशी असलेले सुमित्रो, सुजात्मोको, सुदार्पो यांच्यासारखे मोजके तरुण यांनी लढवली.

परिषदेत पालार यांना मत नव्हते. बोलावले तर टेबलाशी बसायचे, आपली बाजू मांडायची आणि हात वर करायची वेळ आली की नुसते पाहत राहायचे. समोर डचांचे मुरलेले मुत्सद्दी. ते सांगत की हे आमचे अंतर्गत प्रकरण आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये. त्याला इंडोनेशियाचे उत्तर सरळ होते. ज्याच्याशी तुम्ही करार करता, सह्या करता, तो तुमच्या घरातला माणूस कसा? करार झाला म्हणजे दोन पक्ष आले, आणि दोन पक्षांतली लढाई ही जगाची काळजी झाली.

या कामाला पालार यांच्याइतका योग्य माणूस सापडणे कठीण होते. डच संसद कशी विचार करते, तिथे कोणता पक्ष कशाला घाबरतो, कोणत्या शब्दामागे काय दडलेले असते, हे त्यांना आतून ठाऊक होते. शाळेत सक्तीने शिकलेली ती भाषा आता त्यांच्या देशाच्या उपयोगी पडत होती. आणि जो माणूस आपली खुर्ची सोडून आला आहे, तो स्वार्थासाठी बोलतो असे कोण म्हणणार?

सरकारच कैदेत

जानेवारी १९४८ मध्ये रेनव्हिल नावाच्या अमेरिकी जहाजावर दुसरा करार झाला. तोही टिकला नाही. १९ डिसेंबर १९४८ रोजी डच फौजांनी प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकार्ता घेतली. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, उपराष्ट्राध्यक्ष हत्ता आणि अनेक मंत्री पकडले गेले. सरकार संपले, प्रजासत्ताक संपले, आता चर्चा कोणाशी करायची, असे डचांनी जगाला भासवायला सुरुवात केली.

मित्रांनो, क्षणभर स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. तुम्ही ज्यांचे दूत आहात, ते सगळे कैदेत. राजधानी शत्रूच्या हातात. समोरचा म्हणतो की तुमच्यामागे आता कोणीच नाही. अशा वेळी दूताने काय करावे? पालार यांनी सुरक्षा परिषदेपुढे आपल्या देशाची बाजू मांडणे चालूच ठेवले. परिषदेच्या बैठका त्या दिवसांत पॅरिसमध्ये भरत होत्या. प्रजासत्ताक जिवंत आहे, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे त्या टेबलाशी बसलेला हा माणूस.

मायदेशात लोकही स्वस्थ नव्हते. सुमात्रात शाफ्रुद्दीन प्राविरानेगारा यांनी तात्पुरते सरकार उभे केले. जावात सेनापती सुदिर्मान क्षयाने खंगलेले असतानाही डोलीत बसून डोंगरांतून फिरत होते आणि गनिमी काव्याने डचांना सतावत होते. गनिमी कावा म्हणजे काय, हे मराठी मुलांना सांगायची गरज नाही. सुदिर्मान यांच्या लढ्यामुळे पालार यांच्या बोलण्याला वजन आले आणि पालार यांच्या बोलण्यामुळे सुदिर्मान यांचा लढा जगाला कळला. एकट्या तलवारीने किंवा एकट्या शब्दाने हे झाले नसते.

२० जानेवारी १९४९ पासून पंडित नेहरूंनी दिल्लीत आशियातील व शेजारच्या देशांची खास परिषद भरवली. नेत्यांना सोडा आणि १ जानेवारी १९५० पर्यंत सत्ता इंडोनेशियाच्या हाती द्या, अशी मागणी तिने केली. अमेरिकेने डच ईस्ट इंडीजसाठी जाणारी आर्थिक मदत डिसेंबरमध्येच थांबवली होती. २८ जानेवारीला सुरक्षा परिषदेने ठराव केला. नेत्यांची सुटका करावी आणि १ जुलै १९५० पर्यंत सत्तांतर व्हावे, असे त्यात म्हटले होते. डचांना वाटाघाटींना बसावे लागले. हेग शहरातल्या गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले. सुरक्षा परिषदेची मुदत तर दूरच राहिली, दिल्लीने मागितलेल्या तारखेच्याही चार-पाच दिवस आधी!

२८ सप्टेंबर १९५० रोजी इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रसंघाचा साठावा सभासद झाला. तीन वर्षे मताविना टेबलाशी बसलेल्या पालार यांना आता देशाच्या नावाची पाटी आणि मताचा हक्क मिळाला. त्या दिवशी आमसभेपुढे देशाच्या वतीने तेच बोलले.

दिल्लीत आणि बांडुंगला

१९५३ मध्ये पालार भारतातले इंडोनेशियाचे राजदूत झाले. अडचणीच्या काळात ज्या देशाने हात दिला, त्याच देशात आता त्यांचे घर होते. दोन देशांचा स्नेह तेव्हा फार गाढ होता. २६ जानेवारी १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून राष्ट्राध्यक्ष सुकार्नोच आले होते.

या काळात आशिया आणि आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश एकत्र यावेत, अशी कल्पना पुढे आली. ब्रह्मदेश, श्रीलंका (तेव्हाचे सिलोन), भारत, इंडोनेशिया आणि पाकिस्तान या पाच देशांनी मिळून परिषद बोलावली. तिच्या तयारीसाठी पालार यांना मायदेशी बोलावून घेण्यात आले. १८ ते २४ एप्रिल १९५५ या दिवसांत २९ देशांचे प्रतिनिधी जमले, ते बांडुंग शहरात. याच शहरात आजारपणामुळे पालार यांचे शिक्षण सुटले होते. तेहतीस वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेल्या त्या गावाकडे आता साऱ्या जगाचे डोळे लागले होते.

भारतातली कारकीर्द १९५६ मध्ये संपली. नंतर थोडा काळ मॉस्को, मग १९५७ ते १९६२ कॅनडा, आणि १९६२ पासून पुन्हा संयुक्त राष्ट्रसंघ. पहिल्यांदा ते तिथे आले, तेव्हा देशाला आत घेण्यासाठी झगडले होते. दुसऱ्या खेपेस त्यांच्यापुढे याच्या अगदी उलट प्रसंग आला.

रिकामी खुर्ची

१९६३ मध्ये मलेशिया हा शेजारी देश अस्तित्वात आला. ब्रिटिशांनी आपल्या सोयीसाठी उभा केलेला हा देश आहे, असे म्हणून राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली. सीमेवर चकमकी झडू लागल्या. जानेवारी १९६५ मध्ये मलेशियाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाली, तेव्हा चिडून सुकार्नो यांनी संयुक्त राष्ट्रसंघ सोडण्याचाच निर्णय घेतला. २० जानेवारी १९६५ चे परराष्ट्रमंत्र्यांचे पत्र राष्ट्रसंघाला गेले. संयुक्त राष्ट्रसंघ सोडतो असे जाहीर करून बाहेर पडणारा इंडोनेशिया हा पहिला आणि आजवरचा एकमेव देश ठरला.

ज्या माणसाने तीन वर्षे मताविना बसून ती जागा मिळवली, तोच त्या वेळी तिथे देशाचा प्रतिनिधी होता. त्याच्याच कारकिर्दीत ती खुर्ची रिकामी झाली.

आता इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. १९४७ मध्ये पालार यांनी न पटलेल्या निर्णयावर राजीनामा दिला होता. १९६५ मध्ये त्यांनी तसे केले नाही. ते अमेरिकेतले राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि काम करीत राहिले. यात विसंगती आहे का? मला वाटते, दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. १९४७ मध्ये ते दुसऱ्या देशाच्या संसदेत होते आणि ती संसद त्यांच्या लोकांवर फौज पाठवत होती. तिथे बसून राहणे म्हणजे त्या फौजेला होकार देण्यासारखे झाले असते. १९६५ मध्ये ते स्वतःच्या देशाचे दूत होते. घरातल्या वडीलधाऱ्याने रागाच्या भरात शेजाऱ्यांशी बोलणे टाकले, तर घरातल्या कोणीतरी दाराशी थांबावे लागते, म्हणजे दार पुन्हा उघडण्याची वेळ आली की माणूस हाताशी असतो. पण याच्या उलट मत असणारेही असतील. सरकार चुकते आहे असे दिसत असताना त्याचा निरोप पोचवणारा दूत त्या चुकीत वाटेकरी होतो, असे ते म्हणतील. या प्रश्नावर वर्गात जरूर चर्चा करा. हा प्रश्न फक्त राजदूतांना पडतो असे नाही.

इकडे इंडोनेशियात १९६५ च्या अखेरीस मोठी उलथापालथ झाली. सहा सेनापतींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो माणसे मारली गेली. त्या देशाच्या इतिहासातले हे फार दुःखद पान आहे. सुकार्नो यांची सत्ता ओसरली आणि सुहार्तो यांच्या हाती गेली. मलेशियाशी समेट झाला. १९ सप्टेंबर १९६६ रोजी इंडोनेशिया पुन्हा राष्ट्रसंघाच्या कामात भाग घेऊ इच्छितो, असा संदेश सरचिटणीसांना पाठवण्यात आला. तो संदेश वॉशिंग्टनमधल्या राजदूतामार्फत, म्हणजे पालार यांच्या हातूनच गेला. २८ सप्टेंबर १९६६ रोजी इंडोनेशियाचे प्रतिनिधी आमसभेत आपल्या जागी पुन्हा बसले. तारीख पाहा. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २८ सप्टेंबरलाच, ती जागा पहिल्यांदा मिळाली होती.

अखेरची वर्षे

१९६८ मध्ये पालार परराष्ट्रसेवेतून निवृत्त झाले आणि जकार्तात येऊन राहिले. तिथे ते शिकवीत, समाजकार्य करीत आणि गरज पडेल तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघातल्या आपल्या देशाच्या प्रतिनिधींना सल्ला देत. १२ फेब्रुवारी १९८१ रोजी जकार्तातच त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियाने त्यांना ‘राष्ट्रवीर’ हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. त्यांनी आयुष्यात एकही लढाई लढली नव्हती.

मित्रांनो, आरंभीचा प्रश्न आपण विसरलेलो नाही. नुसत्या शब्दांनी देशाचे भले होते का? पालार यांचे आयुष्य पाहिले तर वाटते, की शब्द कोणाचा आहे यावर ते अवलंबून असते. बोलणारे पुष्कळ होते. पण परक्यांच्या गुलामीविरुद्धही जो झगडला, आपल्या मानाची जागा ज्याने सोडली आणि सरकार कैदेत गेल्यावरही जो जागेवरून हलला नाही, त्याचे म्हणणे जगाला ऐकून घ्यावे लागले.

आणि आणखी एक गोष्ट पालकांसाठी आणि आपल्या शाळेच्या विश्वस्तांसाठी. मुलांवर तीन-तीन भाषांचे ओझे पडते, अशी काळजी आपल्या सभांतून नेहमी व्यक्त होते. ती खरीही आहे. पण रुरुकानच्या त्या मुलाने घरची बोली ठेवली, बाजारची भाषा राष्ट्रभाषा केली आणि राज्यकर्त्यांची भाषा त्यांच्याच दारात जाऊन आपल्या लोकांसाठी वापरली. दोन घरांच्या मधे उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगणे, हेच तर दूताचे काम. आपल्या गावात मराठी घरातून शाळेत येणारे प्रत्येक मूल हे काम रोज थोडेथोडे करीतच असते. ते चांगले करावे, खरे बोलून करावे, एवढेच पालार यांच्याकडून शिकायचे.